प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी चौकात जा!

महागडा कोर्स लावण्याआधी जरा थांबा. ग्राहकाची अडचण ओळखून इंजिनिअर, डिझायनर यांच्याकडून तिच्यावर उपाय घडवून घेणं, हेच प्रॉडक्ट मॅनेजरचं काम.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती! पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. म्हणजे वस्तू चांगली असून भागत नाही, ग्राहकाच्या मनातली शंकाही कळावी लागते.

तुम्ही झाशीत राहता? मग इलाइट चौराह्यावर पाच रिक्षावाल्यांना विचारा, यूपीआयने पैसे घेताना काय अडतं? उत्तरं लिहा, एक सुधारणा कागदावर आखा आणि पुन्हा त्यांनाच दाखवा. असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत हीच वही उपयोगी पडेल.