नातवाने कान झाकले तर

गेल्या वर्षी पुरिमला सिनेगॉगमध्ये हामानचं नाव आलं, रआशन वाजू लागले, आणि माझा सहा वर्षांचा नातू कान दाबून बाकाखाली शिरला. मी म्हटलं, "लाडावलाय मेला!" जन्मभर नर्सिंग केलेल्या बाईने असं बोलावं, याची आता लाज वाटते.

अशा मुलांचे कान-डोळे बहुधा चांगले असतात. आलेल्या आवाजाची, स्पर्शाची मेंदूत नीट जुळणी होत नाही. अमेरिकेतल्या जीन एअर्स बाईंनी १९७२ च्या पुस्तकात हे मांडलं. आमच्या डिप्लोमाला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाला शर्टाचं लेबल टोचतं, कुणाला उलट कितीही झोके दिले तरी पुरत नाहीत.

आपण मायेने गालावरून हलकेच हात फिरवतो ना, नेमका तोच पुष्कळांना नकोसा होतो. घट्ट मिठी चालते, पण आधी विचारून. मलिद्याला घर भरलं की मी आतली खोली मोकळी ठेवते. गूळ-खोबऱ्याचे पोहे हाताला चिकटतात, म्हणून त्याला चमचा देते. बायका हसतात, हसू देत! लेक त्याला कुपत होलीममधून रिपुई बे-इसुकला नेते.

यंदा पुरिमला तो कानांवर हेडफोन लावून दाराशी उभा होता. मगिला संपेपर्यंत.