मुक्त लेखकाची रजा : एक चिकित्साविचार

‘विश्रांती घ्या’ हा सल्ला आपण सर्वच वैद्य दिवसातून अनेकदा देतो. औषधाची मात्रा, काल व अनुपान आपण काटेकोरपणे सांगतो. विश्रांतीबाबत मात्र यांपैकी काहीही सांगत नाही. नोकरदार रुग्ण या मोघम सल्ल्यातूनही मार्ग काढतो, कारण त्याला रजेचा अर्ज करता येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. स्वतंत्रपणे लेखन, अनुवाद वा मुद्रितशोधन करणाऱ्यास असा आधार नाही. ज्या दिवशी लेखणी थांबते, त्या दिवशी अर्थार्जनही थांबते. प्रस्तुत लेखात या रुग्णवर्गाचा विचार केला आहे.

निदान

मराठी लेखकाचे वर्ष बहुधा दिवाळी अंकांभोवती फिरते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा रुजली. या अंकांचे काम पावसाळ्यात साचत जाऊन शरदाच्या तोंडाशी टोकाला पोहोचते. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप व पित्ताचा संचय, तर शरदात पित्ताचा प्रकोप होतो. नेमक्या याच काळात रात्रिजागरण, अवेळी भोजन आणि वारंवार चहा यांची भर पडते. अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा नेत्राचा अतियोग व अतिसमीप पाहणे हा मिथ्यायोग होय; संगणक व मोबाईलमुळे दोन्ही एकाच वेळी घडतात. चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत क्षुधा व निद्रा यांचाही समावेश आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

परिणामी अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल, मन्याप्रदेशी वेदना अशी लक्षणे घेऊन हा रुग्ण येतो. शमन औषधांनी बरे वाटते. परंतु निदानपरिवर्जन न झाल्याने पुढील वर्षी तीच लक्षणे पुन्हा उभी राहतात.

रजेचा क्रम

शोधनाप्रमाणे रजेचेही पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असावे, असे माझे मत आहे.

पूर्वकर्म : रजेची तारीख महिनाभर आधी निश्चित करावी व संपादकांना लेखी कळवावी. रजेच्या काळात अथवा त्यानंतरच्या आठवड्यात द्यावयाचे काम स्वीकारू नये. द्रव्याची तरतूद हा तर पूर्वकर्माचा मुख्य भाग होय. घरखर्च दिवसाला ८०० रुपये असेल, तर दहा दिवसांच्या रजेस ८,००० रुपये लागतात; म्हणजे दरमहा सुमारे ६७० रुपये बाजूस काढावे लागतात. हा हिशेब रुग्णासमोर मांडला की ‘परवडत नाही’ हे उत्तर बहुधा मागे पडते. जागरणाची सवयही एकदम न मोडता चरकोक्त पादांशिक क्रमाने, टप्प्याटप्प्याने कमी करावी.

प्रधानकर्म : दिवाळीनंतरचा हेमंत यास सर्वोत्तम. काम ओसरलेले असते, रात्री मोठ्या असतात, अग्नी व बल उत्तम असते. अभ्यंग, पादाभ्यंग, वेळेवर स्निग्ध भोजन व मोकळ्या हवेत चालणे एवढे पुरे. अध्ययनाने कृश झालेल्यास दिवास्वाप चरकाचार्यांनी अनुज्ञात केला आहे; मात्र मेदस्वी व कफप्रधान रुग्णास तो देऊ नये. दिवसभर लोळत राहणे ही विश्रांती नव्हे; तो इंद्रियांचा व कर्माचा अयोग होय. वाचन जरूर करावे, परंतु हाती पेन्सिल घेऊन टिपणे काढू लागल्यास ते कामच समजावे. पहिले दोन-तीन दिवस अस्वस्थता, काहीतरी राहून गेल्याची भावना जाणवते. हे रुग्णास आधीच सांगावे, अन्यथा तो तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहावयास बसतो.

पश्चात्कर्म : शोधनानंतर आपण रुग्णास थेट पूर्ण आहार देत नाही, पेया, विलेपी असा संसर्जनक्रम ठेवतो. कामाचेही तसेच. प्रथम साचलेली पत्रे, मग लहान मजकूर आणि तीन-चार दिवसांनी मोठे लेखन. रजेनंतरच्या पहिल्याच रात्री जागरण घडले, तर दहा दिवसांचे फळ हातचे जाते.

औषधी विक्रेत्यांसाठी

असा रुग्ण अनेकदा वैद्याआधी दुकानात येतो. महिनोन्‌महिने अविपत्तिकर चूर्ण किंवा झोपेसाठी एखादी वटी नेणाऱ्या ग्राहकास झोपेची व जेवणाची वेळ अवश्य विचारावी आणि वैद्याकडे पाठवावे. एका डबीची विक्री कमी होईल. ग्राहकाचा विश्वास मात्र कायमचा जोडला जाईल.

शेवटी एक निवेदन. चिकित्सालय वा औषधालय चालविणारे आपणही स्वतंत्र व्यावसायिकच आहोत. आपल्यालाही भरपगारी रजा नाही आणि वर सांगितलेला हिशेब आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो. दारावर बंदच्या तारखा व पर्यायी वैद्याचे नाव आठवडाभर आधी लावल्यास रुग्णाची गैरसोय टळते, आणि आपला सल्लाही त्याला खरा वाटतो. यापुढे केसपेपरवर ‘विश्रांती’ असे लिहिताना त्यापुढे दिवसांची संख्या व प्रारंभाची तारीख अवश्य लिहावी, एवढीच वैद्यबंधु-भगिनींना विनंती.