उतारा सुईत असतो, मिठाच्या पाण्यात नव्हे

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. करमाळा तालुक्यातही उजनीच्या पाण्यावर ऊस-केळी वाढली, तशा कीटकनाशकांच्या बाटल्या घराघरांत आल्या. आपण विषालाही 'औषध'च म्हणतो. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला हा शब्द महागात पडू शकतो.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके आणि १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सरिन वायू हे एकाच कुळातले. नसांचा संदेश पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे विकर ही विषे निकामी करतात. मग लाळ व घाम वाहतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती स्रावांनी भरून घरघरते.

ॲट्रोपिन हे स्राव आटवते. ०.६ मिलिग्रॅमच्या एका ॲम्प्यूलने येथे भागत नाही. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जावे लागते. इतक्या सुया पाहून नातेवाईक धास्तावतात, पण हात आखडणे हेच अधिक घातक. रुग्ण असंबद्ध बडबडू लागला, अंथरूण चाचपू लागला, अंग तापले, तर मात्रा अधिक झाली असावी. परिचारिकेस लगेच सांगावे. वृद्धास काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास तेही सांगावे. मात्र त्यापायी ॲट्रोपिन नाकारू नये.

'पॅम' अर्थात प्रॅलिडॉक्झिम जखडलेले विकर सोडवते. ते लवकर दिले तरच काही अर्थ. त्याच्या लाभाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सैनिकांना मांडीत कपड्यांवरूनच टोचता येणारी स्वयंचलित सुई मिळते. ती घरी ठेवण्याची वस्तू नव्हे, कारण प्रत्येक विषावर ॲट्रोपिन चालत नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर तर खात्रीचा उतारा कोणताच नाही.

घरच्यांचे काम वेगळे. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, त्याला कुशीवर निजवावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. मिठाचे पाणी, दूध, तूप काहीही पाजू नये. ओकारी काढल्यास विष फुप्फुसात उतरते. बाटली सोबत न्यावी, म्हणजे विषाचे नाव कळते.

दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागला की घरी नेण्याची घाई होते. ती करू नये. एक ते चार दिवसांत स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात. रुग्णाला उशीवरून मान उचलता येते का, हे अधूनमधून पाहावे. येत नसेल तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे. श्वासाचे स्नायू बहुधा त्यानंतर थकतात आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो.