कोठडीतली सही, वऱ्हाडातलं वावर

१९०८ च्या ऑगस्ट महिन्यात अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे विलायतेच्या बोटीत चढले. ज्यांच्यासाठी ते निघाले होते ते बाळ गंगाधर टिळक त्या वेळी साबरमतीच्या तुरुंगात होते. २४ जूनला अटक झाली, २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १३ सप्टेंबरला त्यांना ब्रह्मदेशाच्या बोटीवर चढवण्यात आलं. मुक्काम ठरला मंडाले. एक मित्र लंडनमध्ये, दुसरा मंडालेच्या कोठडीत, घरदार पुण्यात.

खापर्डे प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागायला गेले होते. ती १९०९ मध्ये नाकारली गेली. तरीही ते १९१० पर्यंत तिथे राहून पार्लमेंटच्या सभासदांकडे खेपा घालत राहिले. परतताना ते रंगूनमार्गे आले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते शिर्डीला गेले. त्यांची शिर्डीची रोजनिशी आज घरोघरी ठाऊक आहे. मित्राच्या खटल्यासाठी अमरावतीची चालती वकिली सोडून विलायतेत काढलेला काळ मात्र तेवढा आठवला जात नाही. तो आठवायला हवा. दूरच्या कोठडीतल्या माणसाचं काम बाहेरून कसं चालवायचं, याचा वऱ्हाडाला ठाऊक असलेला हा पहिला मोठा धडा आहे.

टिळकांच्या मागे एक दिवाणी दावाही होता. टिळकांचे स्नेही बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, खापर्डे आणि आणखी काहीजणांना विश्वस्त नेमलं होतं. १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ या मुलाचं दत्तकविधान झालं. पुढे बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराजांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि तिथून कज्जा पेटला. पुण्याच्या कोर्टानं १९०६ मध्ये टिळकांच्या बाजूनं निकाल दिला. मुंबई हायकोर्टानं तो १९१० मध्ये फिरवला. त्या निकालाच्या वेळी टिळक मंडालेत गीतारहस्याच्या विचारात बुडालेले होते. पुण्यातला प्रपंच आणि दाव्याची धावपळ भाचे धोंडोपंत विद्वांस पाहत होते आणि मंडालेहून त्यांना येणाऱ्या पत्रांत घरच्या चौकशीबरोबर दाव्याच्याही सूचना असत. १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ती बातमीही टिळकांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटले आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं हायकोर्टाचा निकाल रद्द करून जगन्नाथाचं दत्तक कायम केलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ या नावानं आजही सापडतो.

बाबा महाराजांनी मृत्युपत्रात एकाच माणसाच्या हाती सगळं दिलं असतं, तर त्या सहा वर्षांत हे प्रकरण कधीच बुडालं असतं. एक विश्वस्त कोठडीत गेला तेव्हा बाकीचे उभे होते. आपल्या वतीनं काम पाहायला मुखत्यार नेमणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट मनाशी ठेवावी.

टिळकांची मालमत्ता तरी त्यांच्याकडे राहिली. सगळ्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये आणि विनायकरावांना डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि तिच्याबरोबर सगळी मालमत्ता जप्त झाली. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेतच तशी तरतूद होती. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं कलम लागलं की माणूस अंदमानात जाई आणि घर सरकारात. मुखत्यारपत्र द्यायचं तर आपलं म्हणावं असं काही हाती उरलेलं पाहिजे, इथं तेच नव्हतं. जप्तीच्या या तरतुदी १९२१ च्या दुरुस्तीनं गेल्या. काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यातून पुसली गेली ती १ जानेवारी १९५६ पासून.

टिळकांना मंडालेला नेलं त्याच वर्षाच्या अखेरीस नोंदणी कायदा मंजूर झाला. १९०८ चा सोळावा कायदा, १ जानेवारी १९०९ पासून लागू. अमरावती-अकोल्याच्या रजिस्ट्री ऑफिसांत आजही त्याच्याच आधारानं दस्त होतात. त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं, १९०२ च्या करारानं इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं आलेलं. त्यामुळे ब्रिटिश इंडियाचे कायदे इथं वेगळ्या हुकमांनी लागू करावे लागत. १९४१ च्या वऱ्हाड कायद्यानं ही गुंतागुंत संपवली.

या नोंदणी कायद्याचं कलम ३३ फार थोड्यांनी वाचलेलं असतं. मुखत्यारानं दुसऱ्याच्या वतीनं दस्त नोंदवायला आणायचा असेल, तर त्याच्याकडचं मुखत्यारपत्र निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर झालेलं आणि त्यांनी साक्षांकित केलेलं असावं लागतं. गल्लीतल्या नोटरीचा शिक्का त्यासाठी पुरत नाही. रजिस्ट्री ऑफिसच्या दारातून परत आलेल्या अनेकांना हे तिथंच कळतं. याच कलमात तिघांना ऑफिसात हजर राहण्यातून सूट आहे: आजारानं अंथरूण धरलेला माणूस, कोर्टात स्वतः हजर राहण्यापासून कायद्यानं मोकळा असलेला माणूस आणि दिवाणी किंवा फौजदारी कारवाईत तुरुंगात असलेला माणूस. अशा वेळी निबंधक स्वतः तुरुंगात जाऊ शकतो किंवा चौकशीसाठी कमिशन नेमू शकतो. त्यानं पाहायचं एवढंच, की हा माणूस तोच आहे ना, आणि तो राजीखुशीनं सही करतो आहे ना.

कायद्याचा सगळा भर त्या राजीखुशीवर आहे, आणि तो योग्यच आहे. गजाआडच्या माणसाला सहीचा कागद दाखवणं सोपं असतं. नकार देणं त्याला सोपं नसतं.

तुरुंगाशी संबंध येणाऱ्यांना वकीलपत्र माहीत असतं. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात असो की अकोल्याच्या जिल्हा कारागृहात, वकीलपत्रावरची कैद्याची सही तुरुंगाचे अधिकारी साक्षांकित करतात आणि वकील कोर्टात उभा राहतो. पण वकीलपत्र वेगळं आणि मुखत्यारपत्र वेगळं. वकीलपत्रानं खटला चालवता येतो. वावर विकता येत नाही, बँकेतून पैसे काढता येत नाहीत. दोन्ही कागद एकच समजून घरची माणसं महिना-महिना हेलपाटे घालतात.

कोठडीत असल्यानं मुखत्यार नेमण्याचा हक्क जातो का, हा प्रश्न वकिलांना पुष्कळदा विचारला जातो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १८३ त्याचं सरळ उत्तर देतं. माणूस सज्ञान असावा आणि त्याची बुद्धी ठिकाणावर असावी. तो तुरुंगात आहे की घरी, शिक्षा झालेला आहे की परत पाठवणीची वाट पाहतो आहे, या देशाचा नागरिक आहे की नाही, यातलं काहीही त्या कलमात नाही. जो कागद हक्क सोडण्याचा वाटतो, तो खरं तर हक्क वापरण्याचा असतो.

फाळणीनं याची दुसरी बाजू दाखवली. वऱ्हाडातूनही काही कुटुंबं पाकिस्तानात गेली आणि मागं राहिलेल्या नातेवाइकांच्या भरवशावर घरं-वावरं सोडून गेली. १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्यानं असा नियम केला, की १४ ऑगस्ट १९४७ नंतर निर्वासितानं, म्हणजे देश सोडून गेलेल्या माणसानं, किंवा त्याच्या वतीनं झालेलं हस्तांतर सरकारी अभिरक्षकाच्या (कस्टोडियनच्या) मंजुरीशिवाय लागू धरलं जाणार नाही. हातातलं मुखत्यारपत्र कितीही चोख असलं, तरी त्यावर केलेली विक्री अडकून पडायची. पुढच्या पिढीला त्या जमिनींचे वाद वारशात मिळाले. देणाऱ्याची सही खरी होती, घेणाऱ्यानं पैसे मोजले होते, आणि तरी कागदाला जोर उरला नव्हता.

परदेशातल्या कोठडीला नोंदणी कायद्यानं वेगळा रस्ता दिला आहे. मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत नसेल, तर ते तिथल्या नोटरीसमोर, न्यायालयासमोर, दंडाधिकाऱ्यासमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर व्हावं. १९४८ च्या कायद्यानं आपल्या दूतांना नोटरीची कामं करण्याचा अधिकार मिळालेला आहे. शिवाय १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ आहे. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाला कळवण्याचा हक्क आहे आणि दूताला त्याला भेटण्याचा हक्क आहे.

हा हक्क नाकारला की काय होतं, ते एका मराठी माणसाच्या बाबतीत साऱ्या देशानं पाहिलं. कुलभूषण जाधव मार्च २०१६ पासून पाकिस्तानच्या ताब्यात आहेत. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयानं त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि पाकिस्ताननं कलम ३६ मोडलं असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी मिळाला. वर्षभरानं, १६ जुलै २०२० रोजी, भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची दुसरी भेट मिळाली. पण भेटीच्या वेळी पाकिस्तानी अधिकारी समोर होते आणि वकील नेमण्यासाठी जाधव यांची लेखी संमती घेता आली नाही. दोन दिवसांनी भारतानं तिथल्या वकिलामार्फत फेरविचार याचिका दाखल करण्याचा प्रयत्न केला. मुखत्यारपत्र आणि खटल्याची कागदपत्रं नसल्यानं ती दाखल होऊ शकत नाही, असं त्या वकिलानं सांगितलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकलेला हक्क एका सहीपाशी अडला.

जाधव यांचं प्रकरण फाशीच्या शिक्षेचं आहे. परत पाठवणीच्या प्रकरणांत धोका तेवढा नसतो, पण घाई फार असते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, तिघे महाराष्ट्राचे. हातकड्या आणि पायांतल्या साखळ्यांवरून संसदेत गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत २००९ पासूनचे आकडे ठेवले. २०१९ या एकाच वर्षात २,०४२ भारतीय अमेरिकेतून परत पाठवले गेले होते. साखळ्यांवर बोललं गेलं ते बरंच झालं. पण या माणसांचं तिकडे काय राहिलं, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. थकलेला पगार, बँकेतली शिल्लक, भाड्याच्या खोलीची अनामत, जुनी गाडी, आणि काहींची तिथे जन्मलेली मुलं. तिकडचं हे सगळं सोडवायला तिथल्या एखाद्या मित्राच्या नावानं मुखत्यारपत्र लागतं. इकडचं शेत सांभाळायला भावाच्या किंवा बायकोच्या नावानं दुसरं.

अमेरिकेतल्या कोठडीतून वऱ्हाडात कागद येतो तो असा. आधी कोठडीत नोटरी मिळवायचा आणि त्याच्यासमोर सही करायची. मग त्या नोटरीच्या राज्याकडून अपोस्टील, म्हणजे नोटरीची सही खरी असल्याचा दाखला, घ्यायचं. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या हेग करारात आहे, त्यामुळे ते इथं चालतं. मग मूळ कागद टपालानं गावी येतो. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याचं कलम १८ सांगतं, की राज्याबाहेर झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. कागद पोचला म्हणून लोक निवांत होतात आणि ही मुदत निघून जाते. पुढे दंड भरावा लागतो. कोठडीतल्या माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या राज्यातल्या ठिकाणी कधी हलवतील याचा नेम नसतो, म्हणून सही पहिल्या आठवड्यातच झालेली बरी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर रजिस्ट्री होत नाही.

कागदात काय लिहावं, यावर वऱ्हाडातल्या जुन्या वकिलांचं मत ठाम असतं आणि ते पटण्यासारखं आहे: आम मुखत्यारपत्र देऊ नका, खास द्या. अकोट तालुक्यातलं चार एकर वावर असेल, तर गट क्रमांक लिहा. पीककर्जाचं नूतनीकरण करायचं असेल तर तसं लिहा. मुदतीत फेडलं तरच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळतो. वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बगीचा मक्त्यानं द्यायचा असेल तर तेही लिहा. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर ‘विक्रीचा अधिकार नाही’ हे शब्द घाला. धुऱ्याच्या वादात भाऊ भावाला ओळखत नाही, हे वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. मुखत्यारपत्राच्या आधारे ‘विकत घेतलं’ म्हणणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. त्यासाठी नोंदलेलं खरेदीखतच लागतं. २००४ च्या जानकी भोजवानी प्रकरणात त्याच कोर्टानं मुखत्याराच्या साक्षीची मर्यादाही आखली. जे त्यानं स्वतः केलं त्याचीच साक्ष तो देऊ शकतो. मालकाच्या मनातलं तो सांगू शकत नाही. आणि मालक वारला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही तिथंच संपतं.

वऱ्हाडातलं तुमच्या घरचं कुणी परदेशी निघालं असेल, तर व्हिसा आणि तिकिटाच्या गडबडीत एक दिवस अमरावतीच्या, अकोल्याच्या किंवा तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिससाठी ठेवा. खास मुखत्यारपत्र करा, शक्य असेल तर दोघांच्या नावानं, आणि ते दुय्यम निबंधकासमोर साक्षांकित करून घ्या. त्याची प्रत घरी ठेवा, एक जाणाऱ्याच्या पिशवीत द्या, आणि तिच्यामागे जवळच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा फोन नंबर लिहून ठेवा.