मॉडेलच्या भिंती तिरक्या का होतात? घरीच बनवा छोटा ‘गुण्या’

गणपतीचं मखर असो की आर्किटेक्चरच्या सबमिशनचं मॉडेल, सगळे तुकडे पट्टीने मोजून कापलेले असतात. तरी शेवटी छप्पर बसत नाही. एका कोपऱ्यात फट राहते, दुसरीकडे पुठ्ठा बाहेर डोकावतो. दोष दिला जातो कटरला, नाहीतर फेविकॉलला. खरा घोळ मात्र बऱ्याचदा काटकोनात असतो.

एका अंशाने काय बिघडतं?

30 सेंमी उंच भिंत फक्त 1 अंशाने कलली, तर तिचं वरचं टोक साधारण 5 मिमी सरकतं. 1:100 स्केलच्या मॉडेलमध्ये याचा अर्थ इमारत अर्धा मीटर झुकली!

जमिनीवरचा चौकोनही तसाच. चार कोनांची बेरीज 360 अंशच असते. तीन कोपऱ्यांत एकेक अंश कमी पडला, की चौथा 93 अंशांचा होतो. म्हणजे सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा होते.

कंपास पेटीतला गुण्या का चालत नाही?

सुतार आणि गवंडी काटकोन तपासायला गुण्या वापरतात. शाळेच्या कंपास पेटीतही गुण्या असतो, पण तो पातळ असल्याने भिंतीला टेकवून उभा राहत नाही. त्याचे कोपरेही वापरून झिजतात. मॉडेलसाठी लहान, जाड आणि स्वतः उभा राहणारा गुण्या हवा.

कसा बनवायचा?

काटकोनासाठी जुनी युक्ती आहे 3-4-5 ची. त्रिकोणाच्या बाजू या प्रमाणात असल्या, की 3 आणि 4 मधला कोन काटकोन होतो. गवंडी आजही पायाची आखणी अशी करतात. दोरीने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हे प्रमाण आहे.

इथे एक गोष्ट महत्त्वाची: त्रिकोण मोठा काढा, गुण्या लहान कापा. 3-4-5 सेंमीच्या त्रिकोणात कर्ण मोजताना 1 मिमी चुकला, तर कोन जवळपास अडीच अंशांनी बिघडतो. 15-20-25 सेंमीच्या त्रिकोणात तीच चूक अर्ध्या अंशावर येते.

1. कागदावर 20 सेंमीची रेघ ओढा. तिच्या एका टोकाला पुठ्ठ्याची पट्टी टाचणीने टोचा. टाचणीपासून 15 सेंमीवर पट्टीवर खूण करा.
2. ही खूण रेघेच्या दुसऱ्या टोकापासून बरोबर 25 सेंमीवर येईपर्यंत पट्टी फिरवा. कागदावर तिथे ठिपका देऊन टाचणीच्या जागेपर्यंत रेघ ओढा.
3. काटकोनाचा 5-6 सेंमीचा कोपरा कापून 3 मिमी अॅक्रिलिकवर चिकटवा. रेघांवर कटर पट्टीच्या आधाराने अनेकदा फिरवा, मग टेबलाच्या कडेवर दाबून तुकडा मोडा.
4. असे तीन त्रिकोण एकावर एक जोडा. जोडताना काटकोनाच्या दोन्ही कडा एका रेषेत ठेवा, नंतर सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर ठेवून त्या हलक्या घासा.
5. काटकोनाचं टोक 3-4 मिमी छाटा. कोपऱ्यात बाहेर आलेला गोंद या मोकळ्या जागेत राहतो आणि गुण्या चिकटत नाही.

बरोबर आहे का, कसं कळणार?

यासाठी दुसरा गुण्या लागत नाही. स्टीलच्या पट्टीला गुण्या टेकवून उभी रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा ओढा. रेघा एकावर एक आल्या तर काम झालं. फाकल्या तर दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते. 5 सेंमी उंचीवर 1 मिमी फट म्हणजे कोन साधारण अर्ध्या अंशाने चुकलाय. जास्त भरणारी बाजू घासा आणि पुन्हा तपासा.

वापरताना

पहिली भिंत चिकटवताना गुण्या आतून टेकवा आणि गोंद धरेपर्यंत हलवू नका. दोन गुण्ये असतील तर भिंतीच्या दोन्ही टोकांना लावा. फेविक्विक वापरणार असाल तर कडांना आधी सेलोटेप लावा. छप्पर चिकटवण्याआधी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्ण वेगळे आले, तर गोंद ओला असेपर्यंतच दुरुस्ती शक्य आहे.

गुण्या हातातून पडला, तर पुढच्या कामाआधी रेघांची चाचणी पुन्हा घ्या.