श्यामच्या घरची जप्ती आणि आपल्या चोपड्या

मराठी घरांत मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पुस्तकांत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे स्थान आजही अढळ आहे. आपल्या व्यापारी घरांतही ते असतेच. कधी शाळेत बक्षीस म्हणून मिळालेले, कधी मामाने वाढदिवसाला दिलेले. आई ते मुलांना वाचून दाखवते, मधेच तिचा कंठ दाटून येतो आणि मुले आईच्या तोंडाकडे बघत राहतात. परंतु या पुस्तकाचा जो भाग आपल्या घरांना सर्वांत जवळचा, तोच आपण घाईने उलटून पुढे जातो. तो भाग म्हणजे श्यामच्या घराला लागलेले कर्ज, ओटीवर येऊन बसणारा वसुलीचा माणूस, गावात पिटलेली दवंडी आणि अखेर घरावर आलेली जप्ती. ज्यांच्या घराण्यांत देणे-घेणे हाच पिढीजात व्यवसाय, त्यांच्या नातवाने हे वाचून ‘दादाजी, तो सावकार कोण होता?’ असे विचारले, तर त्याला काय सांगावे?

पुणतांब्यात राहणाऱ्यांना तर हा प्रश्न टाळताच येत नाही. गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी असलेले हे गाव २०१७ साली साऱ्या देशाच्या तोंडी झाले ते कर्जाच्या प्रश्नावरून. येथील ग्रामसभेत ठराव झाला आणि १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांनी संप पुकारला. भाजीपाला व दूध शहरांकडे जाईना, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाला सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या दिवसांत बाजारपेठेतील दुकाने आणि शेतकऱ्यांची घरे एकाच गावात एकमेकांसमोर उभी होती. उधारीच्या वहीत दोन्हीकडची नावे होती. म्हणूनच मुलांसाठी लिहिणाऱ्या या लेखकाचे चरित्र येथे थोडे निराळ्या बाजूने पाहावेसे वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळी घर भरलेले होते. वडिलांच्या हयातीत ते उतरणीला लागले आणि कर्जाच्या ओझ्याखाली राहते घरही गेले. दापोली, औंध आणि पुणे अशा ठिकाणी, कधी अर्धपोटी राहून, पांडुरंगाचे शिक्षण झाले. १९१७ साली आई यशोदाबाई गेल्या, तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ती रुखरुख पुढे सोळा वर्षे मनात राहिली आणि मग पाच दिवसांत कागदावर उतरली.

मधल्या काळात ते शिक्षक झाले होते. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते खानदेशात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झाले आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे त्यांनी स्वतः केली. मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. पहाटे लिहायचे, सकाळी मुलांनी वाचायचे. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही निघाले. बालसाहित्यिक म्हणून त्यांची खरी उमेदवारी येथे झाली, असे माझे मत आहे. आपला वाचक रोज सकाळी समोर उभा असेल आणि त्याच्या चेहऱ्यावरून मजकूर कसा उतरला ते लगेच कळत असेल, तर लेखणीला आपोआप वळण लागते. वाक्ये आखूड होतात, अवघड शब्द गळून पडतात. गुरुजींची भाषा त्या छात्रालयात घडली.

१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती शब्दशः टिपून घेणारे हात साने गुरुजींचे होते. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचतो ती त्या टिपणाच्या आधारे. पुढच्याच वर्षी ते नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते हातावेगळे केले. दिवसभर तुरुंगातील काम आणि उरलेल्या वेळात लेखन, असा तो क्रम होता. पुढे पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने ते छापले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची रचना आहे. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे.

आपल्या मुलांना त्यातील काही रात्री फार लवकर उमजतात. इतरांपेक्षा आपल्याकडे जास्त फुले असावीत म्हणून श्याम न उमललेल्या कळ्याच तोडून आणतो आणि आई त्याला थांबवते, ही एक गोष्ट पाहा. रात्री पाणी गाळून पिण्याची, पायाखाली जीव येऊ नये म्हणून जपण्याची सवय असलेल्या घरातल्या मुलाला त्यातले काय समजावून द्यावे लागत नाही. वाटेवर मोळी घेऊन बसलेल्या, महार समाजातील वृद्धेच्या डोक्यावर मोळी चढवायला श्यामला पाठवणारी आईही त्याला आवडते.

पण कर्जाची रात्र वेगळी आहे. तेथे मूल गप्प होते.

त्या प्रकरणात मला नेहमी एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. श्यामच्या घरात व्याजाचा हिशेब खऱ्या अर्थाने ज्या एकाच व्यक्तीला कळतो, ती आई आहे. वेळेवर एखादी जमीन विकावी, देणे फेडून टाकावे, मोकळे व्हावे, असे ती नवऱ्याला विनवते. नवऱ्याला खोतीचा मान आडवा येतो. वाडवडिलांची जमीन विकायची म्हणजे गावात मान खाली घालायची. मुद्दल तेवढेच राहते, व्याज रात्रंदिवस चालत राहते, आणि मान राखण्यासाठी जी जमीन ठेवली ती मानासकट जाते. पेढीवर बसणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. किती कुळे अशी बुडताना आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली असतील! श्यामची आई शाळेत गेली नव्हती, पण चोपडी तिला वाचता येत होती.

आणि मग तो प्रसंग येतो. वसुलीचा माणूस ओटीवर बसून घरच्या बाईविषयी वाटेल ते बोलतो. एरवी कुणाला दुखावून न बोलणारी, तापाने खंगलेली ती बाई दारात येऊन त्याला उठून चालते व्हायला सांगते. मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सावकारी इतकी जवळून क्वचितच कोणी दाखवली असेल. आकडा किती होता हे मुलाच्या ध्यानात राहत नाही, तो माणूस काय बोलला हे राहते. आमच्या घरच्या जुन्या चोपड्या लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवलेल्या आहेत. त्यांत रकमा आहेत, तिथी आहेत, साक्षीदारांचे अंगठे आहेत. वसुलीला गेलेला मुनीम कुणाच्या ओटीवर काय बोलून आला, याची नोंद कोणत्याही रोजमेळात नसते. ती नोंद समोरच्या घरात राहते, आणि कधीतरी त्या घरातला मुलगा लेखक होतो.

या जिल्ह्याने ती नोंद एकदा उघड्यावर आलेली पाहिली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि लवकरच ते लोण पारनेर, श्रीगोंदे अशा आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांत पोहोचले. रोख होता मारवाडी आणि गुजर सावकारांवर, म्हणजे आपल्यांपैकी अनेकांच्या पूर्वजांवर किंवा त्यांच्या व्यवसायबंधूंवर. लक्षात घेण्याजोगे असे की, लोकांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. कागद हाती दिले आणि ते जाळले की बहुतेक ठिकाणी जमाव परत फिरत असे. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. कर्जाच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला.

त्या दंग्यांची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता, युद्ध संपताच तो कोसळला. शेतसारा मात्र रोखीनेच भरावा लागे, पीक येवो न येवो. सारा भरायला पैसे द्यायचे सावकाराने, आणि लोकांचा राग झेलायचाही त्यानेच. गावचा लहान सावकार स्वतः मोठ्या पेढीचा देणेकरी असे. हे सारे खरे आहे. तरीही ओटीवर बोललेल्या शब्दांना ते उत्तर होत नाही, हे कबूल केले पाहिजे.

गुरुजींच्या आयुष्यात पैशाचे दुसरे रूपही आले, ते अंमळनेरला. ज्या प्रताप हायस्कूलने त्यांना नोकरी दिली आणि ज्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी गेले, ती दोन्ही उभी राहिली गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यावर. पालगडच्या कर्जाने ज्याचे घर घेतले, त्या मुलाला खानदेशातील एका शेठजींच्या दानाने वर्ग दिला, छात्रालय दिले, वाचक दिले. पण त्यामुळे गुरुजी मिंधे झाले नाहीत, हेही सांगायला हवे. त्याच अंमळनेरात त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले आणि अतिवृष्टीने पिके गेली तेव्हा सारामाफीसाठी शेतकऱ्यांबरोबर फिरले. दानशूर घराण्यांना हे कधीकधी बोचते. ज्याला आपण उभे केले तो आपल्यासमोर उभा राहतो, अशी तक्रार मी अनेक विश्वस्तांच्या तोंडून ऐकली आहे. शाळा काढली म्हणजे हे व्हायचेच.

मुलांसाठी गुरुजींनी पुढे भरपूर लिहिले. ‘गोड गोष्टी’, ‘धडपडणारी मुले’, पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’. परदेशी कथा मराठी मातीत रुजवण्याचीही त्यांना हौस होती. ‘दुःखी’च्या मुळाशी व्हिक्टर ह्यूगो आहे, तर ‘मनूबाबा’च्या मुळाशी जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी. एकटा राहणारा विणकर मोहरा साठवतो, रात्री दार लावून त्या मोजतो. एके दिवशी मोहरा चोरीला जातात आणि काही काळाने त्याच घरात एक अनाथ मूल रांगत येते. परिग्रहाची मर्यादा हे व्रत आपण प्रवचनात ऐकतो, पण ते मुलाला कसे सांगावे हे भल्याभल्यांना सुचत नाही. ही गोष्ट त्या कामी फार उपयोगी आहे. सारे लेखन सारख्या तोलाचे नाही. अश्रू कधी फारच लवकर येतात आणि आजच्या मुलाला ते जड जातात. घाईने लिहिलेल्या मजकुराची कळा काही पुस्तकांवर दिसते. तरी ‘मनूबाबा’ आजही वाचण्यासारखे आहे.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. इतक्या मुलांना धीर देणाऱ्या माणसाच्या मनावर केवढे ओझे असेल, याची जवळच्यांनाही पुरती कल्पना आली नाही. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी गुरुजींच्या नावाने कथामाला सुरू केली आणि मुलांना गोळा करून गोष्ट सांगण्याची ही रीत महाराष्ट्रभर पोहोचली.

लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे झाल्यावर या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क संपला, त्यामुळे ‘श्यामची आई’ आता निरनिराळ्या प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्यांत मिळते. घेताना पुस्तक संक्षिप्त नाही ना, एवढे पाहून घ्यावे. कारण लहान मुलांसाठी कापलेल्या आवृत्तीत कर्जाची आणि जप्तीची प्रकरणेच आधी गळण्याची शक्यता असते. ती प्रकरणे शक्यतो आजोबांनी वाचून दाखवावीत. मूल मधेच प्रश्न विचारील. माळ्यावरची चोपडी खाली काढून दाखवायला हरकत नाही. अंगठे कुणाचे, ती घरे गावात कुठे आहेत, कुणाचे देणे फिटले आणि कुणाचे सोडून दिले, हे ज्यांना आठवते अशी माणसे आता थोडी उरली आहेत. ‘मनूबाबा’ दोन-तीन बैठकींत संपते. ‘श्यामची आई’ मात्र रोज एकच रात्र वाचावी, मुले पुढची मागत राहतात.