ब्रेकच्या चकतीवरचा गंज

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली मोटार सकाळी जवळ जाऊन पाहा. पुढच्या चाकाच्या फटींतून आत धातूची एक चकती दिसते. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘डिस्क’ म्हणतात. काल संध्याकाळी चकाकणारी ही चकती आज तांबूस-पिवळी झालेली असते. गाडी सुरू करून चार-सहा वेळा ब्रेक दाबला, की थोडी खरखर होते आणि चकती पुन्हा लख्ख. पण मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारावा. ज्या भागावर आपला जीव अवलंबून, तो एका रात्रीत गंजणाऱ्या धातूचा का करतात? न गंजणारे पोलाद आपल्या वाटी-चमच्यांना परवडते, मग मोटारीलाच का नाही?

ब्रेकचे खरे काम गाडी थांबवणे असे आपण म्हणतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते आहे गतिज ऊर्जेची उष्णता करणे. चकती चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमट्यासारखे आवळतात आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते. किती, ते फळ्यावर मांडता येईल. गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू. गतिज ऊर्जा झाली २ लाख ज्यूल. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातील सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चकत्यांवर येतो, असे समजू. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ७० हजार ज्यूल. चकती ५ किलोग्रॅमची आणि तिची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला ५०० ज्यूल धरली, तर एकदा थांबण्यातच तिचे तापमान २८ अंशांनी वाढते.

आता हीच गाडी खंडाळ्याहून बोरघाटाने खोपोलीला उतरते आहे. उतार सुमारे ५०० मीटरचा, म्हणजे ४९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा. वर सांगितलेल्या थांबण्याच्या चोवीस पट. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये न घेता सगळा भार ब्रेकवर टाकला, तर चकतीला मधे निवायला सवड मिळत नाही. म्हणून उष्णता झपाट्याने आत ओढून घेणारी आणि हवेला देणारी धातू इथे हवी.

तशी धातू म्हणजे आपले बीड, ज्याचा तवा कोकणात घावनासाठी वापरतात तेच. चकतीसाठीच्या करड्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता चांगली वाहून नेतात, शिवाय कंपने शोषून घेतात, त्यामुळे ब्रेक कमी किंचाळतो. बिडाची उष्णतावाहकता न गंजणाऱ्या पोलादाच्या दुपटी-तिपटीची असते. बीड ओतायला सोपे, लेथवर कापायला सोपे आणि स्वस्त. मोटारसायकलची चकती मात्र बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. तिथे थांबवायचे वजन कमी आणि चकतीला वारा भरपूर, त्यामुळे ते चालून जाते. शिवाय ती सगळ्यांच्या नजरेसमोर असते!

पण या ग्राफाइटची एक किंमत मोजावी लागते. चकतीवर पाण्याचा थेंब पडला, की लोखंड आणि ग्राफाइट मिळून एक छोटासा विद्युत घट तयार होतो. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन ग्राफाइटवर पाणी आणि ऑक्सिजन यांना मिळतात. शेवटी तयार होतो तो सजल लोह ऑक्साइड, म्हणजे गंज. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे वहन जास्त चांगले करते. म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर गंजतात, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या देशांतल्याही. बिडाच्या तव्याला आपण तेल लावून ठेवतो. चकतीला तेल लावले तर काय होईल, हे मुलांनाच सांगू द्या. रंग दिला तर तो पहिल्याच दिवशी खरवडला जाईल. घासणाऱ्या पृष्ठभागाला आच्छादन नाही ते यामुळे.

मग तिचे रक्षण कोण करते? तिची झीज. नांगराचा फाळ नांगरणीच्या दिवसांत चकचकीत असतो आणि खुंटीला टांगला की लाल होतो. रोज गाड्या धावणारा रूळ चमकतो, बाजूच्या बंद मार्गाचा तांबडा असतो. तसेच हे. रात्री चढलेला पातळ थर सकाळी पॅड खरवडून काढतात. गंज ही मऊ माती नव्हे. सोनार ज्या लाल भुकटीने दागिन्यांना झिलई देतात, तीही लोह ऑक्साइडच. तेव्हा हा थर जाता जाता पॅड आणि चकती दोन्हींना थोडे घासून जातो.

झिजण्याचा वेग किती असेल? समजा, ८० हजार किलोमीटरमध्ये चकतीची प्रत्येक बाजू १ मिलिमीटर झिजली. भागाकार केला तर गाडी सुमारे २० मीटर गेली की एका अणूच्या जाडीएवढा थर जातो. चाकाच्या दहा-अकरा फेऱ्यांना अणूंचा एक थर! चकतीच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. नवी २२ मिलिमीटरची असेल तर किमान २० च्या आसपास. त्याखाली गेलेली चकती उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तिला तडे जाऊ शकतात.

ही जाडी मोजताना एक गफलत होते. पॅड चकतीच्या अगदी बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. तिथे न झिजलेली, गंजाने आणखी फुगलेली कड उभी राहते. व्हर्निअरचे जबडे या कडेवर टेकतात आणि झिजलेली चकती नवी असल्यासारखे वाचन येते. युक्ती अशी: झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरायचे, नाण्यांसकट जाडी मोजायची आणि नाण्यांची जाडी वजा करायची. गॅरेजमधून काढून टाकलेली चकती मिळाली तर वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. चाकावरची काळी भुकटी मात्र फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या फडक्याजवळ नेला, तर तिच्यात लोखंड किती आहे ते दिसेल.

एका रात्रीचा गंज निरुपद्रवी, पण महिनोन्‌महिन्यांचा नव्हे. २०२०च्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांत हे दिसले. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त आणि तो सच्छिद्र. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडसारखा तो खालच्या धातूला झाकत नाही, त्यामुळे गंजणे आत आत जात राहते. चकतीला खळगे पडतात. पॅडच्या खालचा भाग वेगळ्या तऱ्हेने गंजतो आणि पॅडचा ठसा उमटतो. मग दर फेरीला ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरतो. मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांचा फरकही पायाला जाणवतो. खरवडूनही खळगे राहिले, तर चकती लेथवर घ्यावी लागते, आणि घेतल्यावर किमान जाडी उरत नसेल तर बदलावीच लागते.

विजेच्या मोटारींनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. वेग कमी करताना त्यांची मोटर जनित्र होते आणि गतिज ऊर्जेचा मोठा भाग बॅटरीत परत जातो. ब्रेकची भुकटी कमी होते, हे चांगलेच. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही प्रथमच मर्यादा घातली आहे. पण पॅड क्वचितच टेकत असल्याने चकती खरवडली जात नाही आणि गंज साठत जातो. काही गाड्यांत म्हणूनच अधूनमधून पॅड चकतीला हलकेच टेकवण्याची सोय असते. फोक्सवॅगनने तर आयडी-३ या विजेच्या गाडीला मागच्या चाकांवर चक्क जुने ड्रम ब्रेक बसवले. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकतीच्या ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते. १९५३ मध्ये ल मां येथील २४ तासांची शर्यत जॅग्वारने असे ब्रेक लावून जिंकली आणि हळूहळू ड्रम मागे पडला. तो बंद डबा असल्याने लवकर निवत नाही, ही त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती. आता तो परत आला, तो बंद डबा असल्याने आत पाणी सहजी शिरत नाही म्हणून.